जाऊबाईंची कप्तानी

कपाळावरचं बिस्कीट हात न लावता तोंडात आणायचं असेल, तर मान मागे टाकून छताकडे बघत बसायचं नाही. सगळे तिथेच चुकतात. मान मागे टाकली की बिस्कीट भुवयांच्या वर ठाण मांडून बसतं आणि माणूस नाक-डोळे वाकडे करत राहतो. बघणाऱ्यांची करमणूक होते आणि मिनिट संपतं. त्यापेक्षा मान जराशी एका अंगाला कलती करायची, बिस्कीट डोळ्याच्या कडेने गालावर उतरवायचं आणि गालावर आलं की घाई सोडायची. आधी पदराने कपाळ पुसून घ्यायचं, कारण मे महिन्यात कपाळ ओलं असतं आणि ओल्या कपाळाला बिस्कीट चिकटतं. हे सगळं मला माझ्या मोठ्या जाऊबाईंनी शिकवलं. मला ते अजून जमत नाही, तो भाग वेगळा.

आमच्याकडे दरवर्षी वैशाखी पौर्णिमेनंतरच्या रविवारी सगळं कुटुंब सातपूरला मोठ्या दिरांच्या घरी जमतं. सकाळी वंदना होते, खीर होते, जेवणं होतात, आणि मग हॉलमधला सोफा गॅलरीत ढकलून खेळ सुरू होतात. खेळ एक-एक मिनिटाचे, पण ईर्षा अशी की वर्षभर पुरावी. संघ ठरलेले आहेत. एका बाजूला लेकी, म्हणजे माझ्या नणंदा आणि त्यांच्या मुली. दुसऱ्या बाजूला आम्ही सुना. जो संघ हरेल त्याने त्या दिवसाची सगळी भांडी घासायची आणि जिंकलेल्यांनी पाय पसरून चहा पीत त्यांना सूचना करायच्या. त्या दिवशी स्वयंपाक पुरुषांकडे असतो, त्यामुळे भांडी साधी खरकटी नसतात, ती तळापासून करपलेली असतात. कशासाठी खेळतोय हे त्या पातेल्यांकडे बघितलं की आपोआप कळतं.

पंच मोठे दीर. सातपूरच्याच एका कारखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर शिफ्टच्या भोंग्यावर चाललेला माणूस, त्यामुळे घड्याळाच्या बाबतीत बायकोचीही गय करत नाहीत. गळ्यात शिट्टी अडकवून ते सकाळपासूनच घरात हिंडतात.

आणि आमच्या कप्तान म्हणजे जाऊबाई. आम्ही सगळ्या त्यांना ताई म्हणतो. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, ट्रंक कॉल लावून द्यायचा जमाना होता तेव्हापासूनच्या. त्या कप्तान झाल्यापासून, एक वर्ष सोडलं तर, सुनांचा संघ हरल्याचं मला आठवत नाही. त्याआधी आम्ही दरवर्षी हरायचो, कारण लेकी एका घरात एका ताटात जेवून मोठ्या झालेल्या. एकीने भुवई उचलली की दुसरीला उत्तर कळतं. आम्ही मात्र चार दिशांनी आलेल्या, एकमेकींचा स्वभाव कळेपर्यंत आमचे केस पांढरे व्हायला लागले.

ताईंच्या युक्त्या मी इतकी वर्षं बघते आहे आणि माझं कौतुक काही संपत नाही. नियम वाचून दाखवले जात असताना बाकीच्या बायका गप्पा मारतात. ताई कान देऊन ऐकतात आणि काय करायचं नाही म्हणून सांगितलंय तेवढंच लक्षात ठेवतात. जे मना केलेलं नाही ते सगळं त्यांच्या दृष्टीने मोकळं रान. कागदी ग्लासांचा मनोरा रचताना हाताने रचायचा असं सांगितलं होतं, उभं राहून रचायचा असं कुणी म्हटलं नव्हतं. ताई सरळ फरशीवर मांडी घालून बसल्या आणि टेबलापाशी वाकून थरथरणाऱ्या नणंदेच्या आधी मनोरा उभा झाला. नणंदबाई पंचांकडे गेल्या. पंचांनी नियम पुन्हा वाचला आणि शिट्टी पुसत बसले.

कच्च्या खेळाडूला त्या कधी शेवटी ठेवत नाहीत. शेवटी सगळ्यांचे डोळे एकीवर असतात, हात कापतात. कच्ची बाई पहिल्यांदा पाठवायची, तेव्हा अजून कुणी नीट बघत नसतं, कुणाचं पाणी पिणं चाललेलं असतं, कुणाचं मूल रडत असतं. या धोरणामुळे गेली कित्येक वर्षं सलामीला मीच जाते. आधी मला तो मान वाटायचा.

मिनिट सुरू झालं की ताई पहिले काही क्षण काहीच करत नाहीत. हात मांडीवर ठेवून नुसतं बघतात. मटकीच्या ढिगातून टिकल्या वेचायच्या असोत की स्ट्रॉने ओढून कागदाचे कपटे वाटीत टाकायचे असोत, समोरची बाई तोवर सुटलेली असते आणि आम्ही मागून ताई, ताई करून ओरडत असतो. त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. मग त्या सुरू करतात आणि एकदाही मागे फिरत नाहीत. समोरचे हसायला लागले की त्या अजून शांत होतात, कारण हसणाऱ्याचे हात थांबतात असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्याच्या वाटीकडे तर त्या कधीच बघत नाहीत. मी बघते आणि म्हणूनच मी सलामीला असते.

आता माझ्या सुनेबद्दल सांगते, कारण गेल्या वर्षीचा खेळ खरं तर तिच्यासाठी होता.

ती नामपूरची. तिकडे घरात अहिराणी बोलतात. बी.एड. झालेली, लग्नाआधी गावाकडच्या शाळेत शिकवत होती आणि तिच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे वर्गात तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. लग्न होऊन आली आणि पहिल्याच मेळाव्यात, त्याच हॉलमध्ये, कुणीतरी विचारलं, नवरा कुठंय? ती गडबडीत म्हणाली, ते बाहेर शेतस. सगळं घर हसलं.

आता आमच्या घरात हसण्याची एक रीत आहे. नव्या सुनेचा एक शब्द पकडायचा आणि तो तिला चिकटवायचा. माझाही पकडला होता, ताईंचाही. चिडवलं म्हणजे घरात घेतलं, असा आमचा समज. त्यामुळे मोठ्या नणंदबाई फोन उचलला की ‘कशी शेतस?’ विचारायच्या, पोरं जेवताना ‘भाजी शे का?’ म्हणायची, आणि यात कुणाच्या मनात खोट नव्हती. आम्ही तिला आपलंसं करत होतो आणि तिकडे ती एकेक शब्द कमी करत चालली होती. वर्षभरात तिची बोली गेली, मग पाठोपाठ बोलणंही गेलं. उरलं ते हो आई, नाही आई, आणि चहा ठेवू का. जे बोलायची ते आधी मनात लिहून काढल्यासारखं बोलायची.

गेल्या मे महिन्यात पंचवटीतल्या एका शाळेतून तिला बोलावणं आलं. सोमवारी डेमो लेसन द्यायचा होता, मुलांसमोर उभं राहून एक धडा शिकवायचा. अर्ज माझ्या मुलाने मागे लागून लागून तिला भरायला लावला होता. बोलावणं आल्यावर मात्र तिने जाणार नाही म्हणून सांगितलं. मुलाने समजावलं, मी समजावलं, माझं समजावणं आवाज चढवूनच असतं त्यामुळे ते जरा जास्त झालं. शेवटी ती एवढंच म्हणाली, “तिथं पण हसतील.” मग ती कणीक मळायला गेली. मला रडूच आलं. मी ताईंना फोन केला.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. दिलासा वगैरे काही दिला नाही. रविवारी तिला घेऊन ये, एवढंच म्हणाल्या आणि वर, तुला या वर्षी पण सलामीलाच जायचंय, हे ऐकवलं.

रविवारी खेळ सुरू झाले. मी बिस्किटात हरले, ते धरलेलंच होतं. धाकट्या जाऊबाईंनी मेणबत्त्यांमध्ये भरून काढलं, ताईंनी टिकल्यांमध्ये कमाल केली. सुनबाईला ताईंनी अजून उठवलंच नव्हतं. ती माझ्या मागे भिंतीला टेकून बसली होती आणि टाळ्या वाजवायच्या तेव्हा वाजवत होती. शेवटी गुण सारखे झाले आणि निकाल ठरवणारा खेळ आला. चिठ्ठीवरचा शब्द न उच्चारता त्याचं वर्णन करायचं आणि आपल्या संघातल्या एकीने तो ओळखायचा. हा लेकींचा हुकमाचा खेळ. कारण यात एक नियम आहे: मिनिटात ओळखता आलं नाही तर समोरच्या संघाला उत्तर द्यायची संधी मिळते. लेकी कान टवकारून ऐकत बसतात आणि शिट्टी वाजताच आमचा शब्द पळवतात.

दिरांनी नियम वाचला. इंग्रजी नाही, हिंदी नाही, फक्त आपली भाषा.

ताईंनी हात वर केला. अहिराणी चालेल का, असं त्यांनी पंचांना विचारलं.

मागे सुनबाई भिंतीला आणखीच चिकटली. आता कुणीतरी ‘शे’ म्हणणार आणि सगळे हसणार, हे मला दिसत होतं. दिरांनी शिट्टी हातात फिरवली. चष्मा काढला, परत घातला. नाही म्हणावं तर भिंतीपाशी बसलेल्या सुनेच्या आख्ख्या माहेराला परकं ठरवावं लागत होतं, आणि तेवढे ते कठोर नाहीत.

“अहिराणी आपलीच आहे,” ते म्हणाले. “चालेल.”

पंचांचा निर्णय लेकींनी मानला. प्रत्येकी तीन चिठ्ठ्या होत्या; लेकी आधी खेळल्या आणि त्यांनी दोन ओळखल्या, तिसरी ना त्यांना सुटली ना आम्हाला. ताईंनी सुनबाईला वर्णन करायला उठवलं आणि ओळखायला स्वतः समोर बसल्या. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ताई तिला म्हणाल्या, “त्यांना काही कळता कामा नये. घरी बोलतेस तसं बोल, भरभर.”

काय चलाख बाई आहे, असं माझ्या मनात आलं. जो शब्द वर्षभर थट्टेचा होता तो एका वाक्यात त्यांनी आमच्या संघाचं हत्यार करून टाकला. आता तिने जितकं नामपूरचं बोलावं तितका आमचा फायदा होता.

पहिली चिठ्ठी उघडली. सुनबाई थोडी चाचरली, मग म्हणाली, “मना भाऊनी आंडेर. मी तिनी फुई.”

“भाची,” ताई म्हणाल्या.

मी ताईंकडे बघतच राहिले. यांना अहिराणी कुठून आली? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिवाळ्यात त्या आमच्याकडे आल्या की सुनबाईबरोबर मटार सोलत बसायच्या आणि याला तुमच्याकडे काय म्हणतात, त्याला काय म्हणतात, असं चाललेलं असायचं. नामपूरला विहीणबाईंना फोन करून अर्धा अर्धा तास बोलायच्या. मला वाटायचं, रिकामपणाचे उद्योग आहेत. एक्स्चेंजमध्ये सगळ्या जिल्ह्याची बोलणी कानावर घेतलेली बाई, तिला एक बोली शिकायला किती वेळ लागणार.

समोर तीन नणंदा, तिघीही घरातल्या पोरांच्या आत्या, एकमेकींना विचारत होत्या, फुई म्हणजे काय? आंडेर म्हणजे काय? भुवया उचलून काही उपयोग होत नव्हता.

दुसरी चिठ्ठी निघाली. या वेळी ती चाचरली नाही. “वावरना बांधवर ऱ्हास, तेमां कांदा भरीसन ठेवतस.”

“कांद्याची चाळ.”

आमच्या बाजूने मोठ्याने टाळ्या पडल्या. मी तर उभीच राहिले. सुनबाईचा चेहरा लाल झाला होता आणि आवाज बदलला होता. तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता, चांगला भरीव, ठाम. आणि कुणी हसत नव्हतं. हसणार कसं, सगळ्या जणी तिचा शब्द पकडायला पुढे सरकून बसल्या होत्या. मोठ्या नणंदबाईंनी तर पंचांना पंखा कमी करायला लावला, नीट ऐकू येत नाही म्हणून.

शेवटची चिठ्ठी. ही ओळखली की आम्ही जिंकलो.

सुनबाईने चिठ्ठी वाचली आणि जरा विचार केला. मग म्हणाली, “आपुन जठे जातस तठे मांगे येस. सकायले लांब ऱ्हास, दुपारले धाकली व्हई जास, संध्याकायले परत लांब.”

मला अहिराणीतलं ओ की ठो कळत नाही, पण सावली हे मलाही कळलं. मी ताईंकडे बघितलं. ताई कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या.

“म्हणजे काय गं?” त्या म्हणाल्या. “परत सांग.”

तिने परत सांगितलं. या वेळी सावकाश, अर्धं अहिराणी, अर्धं इथलं. ताईंनी नकारार्थी मान हलवली. सकाळी लांब का आणि दुपारी लहान का, असं त्यांनी विचारलं. मग सुनबाईने एक कागदी ग्लास उचलला, तो फरशीवर उभा केला, आणि हात वर धरून सूर्य कसा चढत जातो ते दाखवायला लागली. सूर्य तिरपा असला तर काय होतं, डोक्यावर आला तर काय होतं. समजलं का, हे तिने फक्त ताईंना विचारलं नाही, मान वळवून लेकींनाही विचारलं. धाकट्या नणंदेची मुलगी गुडघ्यांवर पुढे आली. मागे बसलेल्या पुरुषांतून कुणीतरी म्हणालं, मला दिसत नाही, तर ती ग्लास घेऊन जरा बाजूला सरकली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. कुठला शब्द नामपूरचा आणि कुठला नाशिकचा, याचं तिला भानच नव्हतं. मी मात्र आतल्या आत जळत होते. सावली म्हणा, ताई, सावली. पातेली माझ्या डोळ्यांसमोर नाचत होती.

मोठ्या दिरांची शिट्टी जरा उशिराच वाजली असं मला अजून वाटतं. तेसुद्धा ऐकत बसले होते.

“सावली,” तिन्ही नणंदा एकदम म्हणाल्या आणि लेकी जिंकल्या. हॉलमध्ये असा गोंधळ झाला की शेजारची माणसं गॅलरीत आली. मोठ्या नणंदबाई मात्र चहाला न बसता सुनबाईपाशी गेल्या आणि फुई म्हणजे काय ते विचारून घेतलं. आत्या, असं तिने सांगितल्यावर त्या खुश झाल्या आणि पोरांना जाहीर करून टाकलं की आजपासून मला फुई म्हणायचं.

आम्ही सुना भांड्यांपाशी बसलो. मी खिरीचं पातेलं घेतलं होतं आणि रागाने काथ्या फिरवत होते. सुनबाई नळाखाली ताटं विसळत होती. विसळता विसळताच तिने मला विचारलं, “आई, उद्या पंचवटीला जायचं तर सातपूरहून थेट बस मिळेल, का सीबीएसला बदलावी लागेल?” मी म्हटलं, बदलावी लागेल, आणि तोंड पातेल्यात घातलं, कारण मला काय होत होतं ते तिला दिसू द्यायचं नव्हतं. ती ताटं पुसायला आत घेऊन गेली.

ती गेल्यावर मी ताईंना धरलं. मला कळलं ते तुम्हाला कळलं नाही, हे मी मरेपर्यंत मानणार नाही, असं सांगितलं. इतक्या वर्षांची जिंकण्याची परंपरा, एका शब्दाचं काम, तुम्ही तोंड का उघडलं नाही, हे विचारलं.

ताईंनी करपलेली कढई उजेडात धरून बघितली, अजून थोडी राख घेतली आणि घासत घासतच म्हणाल्या, “अगं, ती शिकवत होती ना. मी उत्तर दिलं असतं तर ती खाली बसली असती.”